गरीब नसल्याचा दाखला

भोपाळमध्ये माणसाचा पत्ता आकड्यांत सांगतात. 1250, 74 बंगले, 45 बंगले, 5 नंबर, 6 नंबर, 10 नंबर. 1 नोव्हेंबर 1956 ला राजधानी इथं आली, सरकारनं घाईघाईनं नोकरांसाठी क्वार्टर्स बांधली, ती मोजली, बसथांब्यांना नंबर दिले, आणि हे आकडेच पुढं मोहल्ल्यांची नावं होऊन बसले. अशा गावात वाढलेल्या माणसाला आकडेमोडीचा नाद लागला तर नवल नाही. आमच्या प्रोफेसरकाकांना नाद लागला तो मात्र आकड्यांचा नव्हे, आकड्यांशेजारच्या रकान्यांचा.

देशात गरीब किती, हा प्रश्न ते अर्थशास्त्रज्ञांना सोडून देतात. ‘ते काम आपल्या लोकांनी चोख केलंय,’ असं ते म्हणतात. ‘वि. म. दांडेकरांनी नीलकंठ रथांना सोबत घेऊन 1971 साली पुण्यात बसून माणशी 2250 कॅलरींवर रेषा ओढली. 2009 मध्ये सुरेश तेंडुलकरांनी ती पुसून दुसरी ओढली. गरिबी कुठलीही असो, रेषा मराठी माणसाची. मला विचारायचंय ते निराळंच. तू गरीब आहेस का, हे विचारायच्या आधी सरकार त्या माणसाला काय काय विचारतं?’

रेषेशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला तो असा. 2011 साली योजना आयोगानं सुप्रीम कोर्टाला सांगितलं, की शहरात दिवसाला 32 रुपयांवर खर्च करणारा माणूस गरीब नाही. काकांनी ते स्वतःवर करून पाहायचं ठरवलं. खिशात मोजून 32 रुपये टाकून ते सकाळी न्यू मार्केटकडे चालत निघाले. पोहे झाले, जलेबी झाली, कट चहा झाला, ओळखीचा एक विद्यार्थी भेटला म्हणून त्यालाही चहा झाला. साडेनऊच्या सुमारास काकांनी घरी फोन केला, ‘अगं, मी रेषेच्या वर आलोय. पण परत यायला बसचे पैसे नाहीत.’

काकांचं पुस्तक ‘चालू’ आहे. सरकारी कॉलेजात इतिहास शिकवत असतानाच त्यांनी ते हाती घेतलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पुस्तक कोलार रोडच्या खोदकामासारखं अजून चालूच आहे. नाव ठरलेलं आहे: ‘जात, धर्म आणि दारिद्र्यनिवारण: बेगमांच्या भोपाळपासून आजपर्यंत’. यातलं ‘आजपर्यंत’ घात करतं. इथं सतत काहीतरी योजना निघत असते, आणि काकांचा ‘आज’ पुढं सरकत राहतो. 2023 मध्ये हस्तलिखित खरोखरच संपत आलं होतं, पुण्याच्या प्रकाशकाला तसं कळवूनही झालं होतं, तेवढ्यात ‘लाडली बहना’ निघाली. काकांनी उपसंहार बाजूला काढून नवं प्रकरण मांडलं. ते पुरं होतंय न होतंय तोच 2024 मध्ये तीच बहीण ‘लाडकी’ होऊन महाराष्ट्रात गेली. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘भोपाळची मुलगी महाराष्ट्रात दिली,’ ते म्हणाले, ‘आता व्याह्यांचाही इतिहास लिहिणं आलं.’

टिपणं ते लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर काढतात. त्यामुळे त्यांच्या कार्डांना दोन इतिहास असतात. पुढच्या बाजूला चि. आणि चि. सौ. कां., मागच्या बाजूला ‘विधवा पेन्शन, अर्ज नमुना, धर्माचा रकाना केव्हा आला?’ ही कार्डं बुटांच्या खोक्यांत असतात, खोकी पलंगाखाली असतात, आणि पलंगावर काका झोपतात. काकू बैठकीच्या खोलीतल्या दिवाणावर. ‘सगळा देश गरिबी हटवायला निघालाय,’ काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘आमच्याकडे ती अभ्यासासाठी ठेवून घेतलीय.’

आमच्या मराठी मंडळात गणपतीत त्यांना एकदाच बोलायला बोलावलं. विषय दिला होता ‘आपली सांस्कृतिक परंपरा’, वेळ दहा मिनिटं. काकांनी सुरुवात वार लावून जेवण्यापासून केली. सभागृहात ज्यांचे आजोबा-पणजोबा वार लावून शिकले अशी पुष्कळ मंडळी होती, त्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. घराघरांत ही गोष्ट आजोबांच्या जिद्दीची म्हणून सांगतात. काकांनी ती योजनेच्या लाभार्थ्याची म्हणून सांगितली. ‘ही आपली पहिली मध्यान्ह भोजन योजना,’ ते म्हणाले. ‘सोमवारी जोशांकडे, मंगळवारी केळकरांकडे. मुलगा गरीब हवाच, पण नुसतं गरीब असून भागत नव्हतं. जात आधी, भूक नंतर.’ तिथून ते पेशव्यांच्या रमण्यात शिरले. श्रावणात पर्वतीला वाटली जाणारी दक्षिणा, 1818 नंतर इंग्रजांनी ती एकदम न तोडता चालू ठेवणं, त्या पैशाचा काही भाग 1821 च्या संस्कृत पाठशाळेकडे वळवणं, आणि मग लोकहितवादींसारख्या तरुणांनी 1849 साली ‘हा पैसा मराठी ग्रंथांना द्या’ म्हणून अर्ज करणं. अध्यक्षांनी घंटी वाजवली तेव्हा काका कोल्हापुरात पोचले होते. 26 जुलै 1902, शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्याचा हुकूम. ‘रकाना तोच होता,’ काका घंटीच्या वरच्या पट्टीत म्हणाले, ‘महाराजांनी फक्त त्यातली जात बदलली, तर केवढा गहजब झाला!’ टाळ्या दोन ठिकाणी वाजल्या. पुढच्या वर्षापासून त्या वेळेत सुगम संगीत असतं.

आता हे सगळं ऐकून काका कुणी फार मोठे क्रांतिकारक वाटतील. तसं काही नाही. काका भित्रे आहेत, दुकानदारानं कमी तोललं तर बोलत नाहीत, आणि जन्मापासून शाकाहारी आहेत. त्यांच्या पुस्तकातलं सगळ्यांत लांबलचक प्रकरण मात्र अंड्यावर आहे. 2015 मध्ये मध्यप्रदेशातल्या आदिवासी भागांतल्या अंगणवाड्यांत मुलांना अंडी द्यायचा प्रस्ताव होता, तो मुख्यमंत्र्यांनी नाकारला. पुढं सरकार बदललं तसं अंडं परत आलं, परत गेलं. काकांच्या मते मध्यप्रदेशाच्या दारिद्र्यनीतीचा सारा इतिहास त्या अंड्यात मावतो. मूल एका समाजाचं, श्रद्धा दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याचा आणि ताट सरकारचं. प्रकरण वाचून झाल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, ‘प्रोफेसर, उकडलेलं अंडं सोललेलं पाहिलंय का कधी?’ काकांनी प्रांजळपणे नाही म्हटलं. येत्या रविवारी वरच्या मजल्यावर क्षेत्रीय पाहणी ठरली. काका वही घेऊन गेले. तेव्हापासून पाहणी दर रविवारी असते आणि काकूंना त्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक एकीपुरताच करावा लागतो. निष्कर्ष अजून हाती आलेले नाहीत.

बेगमांवर मात्र काकांचा जीव आहे. चार बाया भोपाळच्या गादीवर बसल्या, कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ, सुलतानजहाँ, आणि 1926 पर्यंत त्यांनी राज्य केलं. त्यांनी मक्केला आणि मदिनेला भोपाळच्या यात्रेकरूंसाठी रुबात म्हणजे धर्मशाळा बांधल्या. जुन्या संस्थानातल्या भोपाळ, सीहोर, रायसेनच्या हाजींची सोय त्यांत व्हावी म्हणून त्यांचा वक्फ अजून चालतो. त्याच सुलतानजहाँ बेगमनं सांचीच्या स्तूपांसाठी पैसा दिला. काका हे सांगून लगेच 2012 वर उडी मारतात. त्या वर्षी ‘मुख्यमंत्री तीर्थदर्शन’ सुरू झाली आणि म्हाताऱ्यांना घेऊन पहिली गाडी रामेश्वरला निघाली. यादीत अजमेर होतं, वेलांकन्नीही होतं. ‘या गावात राज्यकर्ता कुणीही असो,’ काका म्हणतात, ‘गरिबाला जेवायला घालायच्या आधी यात्रेला पाठवतो.’ काकूंना हा निष्कर्ष मान्य आहे, फक्त त्यांना गाडीत बसायचं होतं. पण आयकर भरणाऱ्याला ती योजना नाही. पेन्शनवर कर कापला जायचा. ‘यांच्या करापायी माझं रामेश्वर राहिलं,’ हे वाक्य त्या घरात पुढं बरीच वर्षं ऐकू आलं.

वरच्या मजल्यावरच्या काकांबद्दल सांगायला हवं. आम्ही त्यांना वरचे काका म्हणतो. तेही मूळचे नागपूरचे, वल्लभ भवनातून म्हणजे सचिवालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, बौद्ध. नागपूर ही जुन्या मध्यप्रांताची राजधानी, ती गेली आणि तिथली सचिवालयातली माणसं फायलींसकट भोपाळला आली. त्यांत प्रोफेसरकाकांचे वडील होते आणि वरच्या काकांचेही. हे आस्थापना शाखेत बाबू, ते दफ्तरी. दोन्ही मुलं तेव्हा पाच-सहा वर्षांची. ती बालपणीची दोस्त वगैरे नव्हती, क्वार्टरच्या श्रेणीप्रमाणे गल्ल्याही वेगळ्या होत्या. दोस्ती झाली ती निवृत्तीनंतर, एकाच बिल्डिंगीत फ्लॅट घेतल्यावर, आणि ती रोज भांडून टिकवून ठेवलेली आहे.

प्रोफेसरकाकांचं लाडकं प्रकरण 1950 च्या आदेशावर आहे. 10 ऑगस्ट 1950 ला अनुसूचित जातींची यादी निघाली, तिच्या तिसऱ्या परिच्छेदात अट होती की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. 1956 मध्ये शिखांची भर पडली, 1990 मध्ये बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून आयोगांच्या अहवालांतच आहेत. काका हा परिच्छेद इतक्या तन्मयतेनं म्हणतात की ऐकणाऱ्याला आरतीची आठवण व्हावी. एका संध्याकाळी ते गच्चीवर सांगत होते, ‘पाहा, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. 1 नोव्हेंबरला राज्य बदललं. मधले 18 दिवस. या 18 दिवसांत धर्म बदललेल्या कर्मचाऱ्यांच्या सर्व्हिस बुकात काय नोंद झाली असेल? कुठल्याच फायलीत सापडत नाही.’

‘विचारलं का कुणाला?’ वरचे काका म्हणाले.

‘म्हणजे?’

‘म्हणजे मला.’

प्रोफेसरकाकांनी खिशातून लग्नपत्रिका काढली.

‘इंग्रजांच्या वेळचा फॉर्म होता,’ वरचे काका सांगू लागले. ‘त्यात एक रकाना ‘रेस’ म्हणून. बाप माझा दीक्षाभूमीवरून पांढऱ्या कपड्यांत आला होता, म्हणाला, आता इथं काय लिहू? त्यानं रकाना रिकामा ठेवला.’

‘मग?’

‘मग काय, बाबूनं भरला. हिंदू.’

‘वंशाच्या रकान्यात?’

‘वंशाच्या रकान्यात. विचारायचा वंश, लिहायचा धर्म आणि समजून घ्यायची जात. एका शब्दात तीन कामं. बाबू हुशार होता.’

प्रोफेसरकाका भराभर लिहून घेत होते. ‘बाबूचं नाव मिळेल का? निदान शाखा?’

‘आस्थापना. खिडकीजवळचं टेबल.’ वरच्या काकांनी बशीत चहा ओतला. ‘तुमचे वडील बसत तिथं.’

गच्चीवर मीही होतो. प्रोफेसरकाकांची पेन्सिल थांबली. एखाद्याला वाटेल त्यांना धक्का बसला. बसलाही असेल, पण आधी त्यांना पेच पडला तो तळटीपेत याचा उल्लेख कसा करायचा याचा. ‘त्यांनी ते... म्हणजे उपकार म्हणून केलं, की आपलं नेहमीच्या सवयीनं?’

‘ते तुम्ही ठरवा, इतिहासकार तुम्ही. सवलत राहिली, म्हणून मी शिकलो. धर्म खोडला, म्हणून माझा बाप तुमच्या बापाशी मरेपर्यंत बोलला नाही. दिवाळीचा फराळ यायचा तुमच्याकडून, तो मात्र खायचा. म्हणायचा, चकलीचा काय दोष?’

त्या रात्री प्रोफेसरकाका म्हणे उशिरापर्यंत वडिलांच्या जुन्या ट्रंकेत काहीबाही शोधत बसले होते. काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ट्रंकेत वीजबिलं निघाली आणि सासूबाईंच्या हातच्या चकलीच्या प्रमाणाचा एक कागद.

याच सुमारास त्यांचं लक्ष स्वयंपाकघरातल्या कपाकडे गेलं. घरी कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा आहे. दांडी नसलेला, खिडकीच्या कठड्यावर उपडा ठेवलेला. तो प्रोफेसरकाकांच्या आईनं ठेवला, आई गेल्या, बाया चार बदलल्या, कप राहिला. आयुष्यभर फायलींत भेदाभेद शोधणाऱ्या माणसाला तो कधी दिसला नव्हता. दिसला तेव्हा मात्र ते हरखले. त्यांनी कप सर्व बाजूंनी पाहिला, उंची मोजली, कार्ड केलं: ‘घरगुती पुरावा, अंदाजे 1970 चं दशक, चिनी माती.’

काकू म्हणाल्या, ‘मग टाकून देऊ का?’

‘छे छे! पुराव्याची जागा हलवायची नसते.’

त्यावर बाईंनीच तोड काढली. त्या घरून स्वतःचा मोठा स्टीलचा ग्लास घेऊन आल्या. ‘उस कप में चाय कम आती है, अंकल,’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं. काकांनी त्याचंही कार्ड केलं, ‘प्रतिकार?’ असं प्रश्नचिन्हासकट.

एकदा अमेरिकेतून एक संशोधक मुलगी त्यांना भेटायला आली. 1964 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं होतं, त्या युद्धात काळ्यांच्या वस्त्या आणि चर्चं यांचं काय नातं होतं यावर तिचं काम होतं. भोपाळला ती आली होती 2002 च्या दलित परिषदेचा अभ्यास करायला. 12 आणि 13 जानेवारीला दिग्विजयसिंह सरकारच्या पुढाकारानं ही परिषद भरली, 21 कलमी जाहीरनामा निघाला, आणि त्यातली सरकारी खरेदीत दलित-आदिवासी पुरवठादारांना वाटा द्यायची कल्पना अमेरिकेतल्या काळ्या उद्योजकांसाठीच्या धोरणांवरून घेतलेली होती. पुढं राज्यानं 30 टक्क्यांचा नियम केला, गावांतली चराईची जमीन भूमिहीन दलित-आदिवासींना वाटली, ती वाटताना गावोगाव मारामाऱ्या झाल्या, आणि 2003 च्या डिसेंबरात सरकारच गेलं. मुलीला एवढंच हवं होतं. काकांनी तिला 1873 पासून सांगायला घेतलं. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली तिथून, 1946 मध्ये बाबासाहेबांनी तिथल्या काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं त्यावरून, 1972 च्या दलित पँथरवरून, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवाल्यांनी मुलांसाठी चालवलेल्या फुकट न्याहारीपर्यंत. न्याहारी म्हटल्यावर अंडं आलंच. तीन तासांनी मुलीनं नम्रपणे विचारलं, की ते 30 टक्के प्रत्यक्षात किती लोकांना मिळाले?

‘ते अर्थशास्त्रज्ञांना विचारा,’ काका म्हणाले.

काकांच्या लेखी एकच योजना सोवळी होती. सोवळी हा माझा शब्द, ते वापरणार नाहीत. वि. स. पागे यांची रोजगार हमी. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केलेला प्रयोग, 1972 च्या दुष्काळात राज्यभर आलेली योजना, 1977 चा कायदा, आणि त्यावरून 2005 मध्ये देशासाठी झालेला कायदा. ‘जात नाही, धर्म नाही, रेषा नाही,’ काका सांगत. ‘उन्हात फावडं घेऊन उभा राहायला तयार आहेस, म्हणजे गरीब आहेस. विषय संपला. असा फॉर्म जगात दुसरा नाही.’ 2021 मध्ये केंद्रानं राज्यांना सांगितलं, की मजुरीचा हिशोब अनुसूचित जाती, जमाती आणि इतर असा वेगवेगळा ठेवा. एकाच खड्ड्यात खणणाऱ्या तिघांची मजुरी तीन वेगळ्या दिवशी येऊ लागली. ओरड झाल्यावर ते मागं घेतलं. काका ते काही महिने आजाऱ्यासारखे वावरत होते. ‘फावड्यालाही रकाना फुटला,’ एवढंच बोलायचे.

भोपाळच्या गॅस दुर्घटनेच्या विषयावर ते बोलत नाहीत, म्हणजे गंमतीनं बोलत नाहीत. 36 वॉर्ड ‘गॅसपीडित’ ठरले, वॉर्डाची हद्द रस्त्याच्या मधून गेली, आणि 1990 पासून महिना 200 रुपयांची अंतरिम मदत एका फुटपाथवर मिळाली, समोरच्यावर नाही. त्याचं खोकं वेगळं आहे, दोरीनं बांधलेलं. माझ्यासमोर त्यांनी ते कधी उघडलं नाही.

12 जून 2023 ला सातपुडा भवन या सरकारी कार्यालयांच्या इमारतीला आग लागली. तिसऱ्या मजल्यावर आदिवासी कल्याणच्या कार्यालयात सुरुवात झाली आणि वरचे मजले पेटत गेले. धुराचे लोट कुठूनही दिसत होते. प्रोफेसरकाका जेवण टाकून गेले. पोलिसांच्या दोरीपाशी उभे राहून ते मजले मोजत होते आणि डोळे पुसत होते. एका चॅनलच्या मुलानं माईक पुढं केला, ‘अंकल, आपका कोई अंदर है?’ काका म्हणाले, ‘सब अंदर हैं, बेटा.’ मुलगा कॅमेऱ्याकडे वळून ओरडला, की आत कुटुंब अडकल्याची खबर आहे. काकांना बाजूला घेऊन खुलासा करायला दोन शिपाई लागले. जळालेल्या फायलींपैकी किती त्यांनी वाचल्या होत्या असं मी विचारलं, तर एकही नाही. परवानगीचा अर्ज तिथंच प्रलंबित होता.

त्यानंतर काका बहुतेक वेळ माधवराव सप्रे संग्रहालयात बसतात. 1984 पासूनचं हे वर्तमानपत्रांचं संग्रहालय, नाव एका मराठी माणसाचं, ज्यानं हिंदीला ‘छत्तीसगढ़ मित्र’ दिलं, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं, आणि 1901 मध्ये झोपडी हिसकावणाऱ्या जमीनदाराची आणि एका गरीब विधवेची गोष्ट लिहिली. तिथं पंखा चांगला आहे, आणि जुन्या अंकांना आग अजून लागलेली नाही, असं काका म्हणतात.

आणि मग गेल्या वर्षी काका स्वतःच गरीब झाले. कागदोपत्री. वॉर्डातल्या कुठल्याशा यादीत त्यांचं नाव बीपीएलमध्ये निघालं. कुणी घातलं, कसं घातलं, पत्ता नाही. काकूंनी बातमी ऐकली आणि पहिली गोष्ट कुठली काढली असेल तर सुटकेस. ‘आता तरी रामेश्वर,’ त्या म्हणाल्या. वरच्या काकांनी पेढे मागितले. प्रोफेसरकाका मात्र हट्टाला पेटले, नाव कमी करून घ्यायचंच. एखाद्या खऱ्या गरिबाची जागा अडते, हे एक कारण. दुसरं त्यांनी मला हळूच सांगितलं: स्वतःच लाभार्थी निघालो तर समीक्षक म्हणतील लेखक तटस्थ नाही.

वॉर्ड ऑफिसात मी सोबत गेलो होतो. खिडकीतल्या तरुणानं समग्र आयडी, म्हणजे राज्याचा ओळख क्रमांक, टाकला, स्क्रीन पाहिली.

‘नाम तो है आपका। दिक्कत क्या है?’

‘दिक्कत यही है कि नाम है। मैं गरीब नहीं हूँ।’

‘प्रमाण-पत्र लाए हैं?’

‘कशाचं? किस बात का?’

‘गरीब न होने का।’

काकांनी त्याचा नमुना मागितला. तरुणानं ड्रॉवर उघडला, मागच्या माणसाला विचारलं, त्यानं आणखी मागच्याला विचारलं. गरीब असल्याचे चार नमुने होते, विधवेचा, अपंगाचा, निराधाराचा होता. गरीब नसल्याचा नव्हता. आजवर कुणी मागितलाच नव्हता. शेवटी तरुणाला दया आली. ‘जाति?’ त्यानं विचारलं. ‘सामान्य,’ काका म्हणाले. ‘सालाना आमदनी?’ काकांनी सांगितली. तो खुलला. ‘आठ लाख से कम है, तो आप ईडब्ल्यूएस में आ जाएँगे! उसका फॉर्म है।’ 2019 च्या घटनादुरुस्तीनं सवर्णांसाठी केलेली सोय. दिवसाला 32 रुपयांवर रेषेच्या वर गेलेला माणूस महिन्याला पासष्ट हजारांवर दुर्बल ठरत होता. त्या खिडकीपाशी काकांचं अख्खं शेवटचं प्रकरण कोसळलं.

घरी येऊन त्यांनी ठरवलं, नमुना नाही तर आपण करू. दोन दिवस बसून त्यांनी ‘दारिद्र्याभावाचं घोषणापत्र’ हिंदीत तयार केलं, चौदा रकाने, खाली दोन साक्षीदार. भाषा सरकारी व्हावी म्हणून मसुदा वरच्या काकांकडे गेला. त्यांनी सेक्शन ऑफिसरच्या सवयीनं लाल पेन काढला, ‘निवेदन है’च्या जागी ‘सादर निवेदन है’ केलं, आणि सातव्या रकान्यावर थांबले.

‘प्रोफेसर, गरीब नसलेल्या माणसाला धर्म, जात कशाला विचारता?’

‘रिकामं सोडलं तर बाबू भरतो.’

वरचे काका असे हसले की ठसका लागला, काकूंना पाणी घेऊन धावावं लागलं. मग साक्षीदार क्रमांक एक म्हणून त्यांनी सही केली. क्रमांक दोनवर कामाच्या बाईंची घेतली, कारण काकांचं घर आतून पाहिलेलं त्यांच्याइतकं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी सही करण्यापूर्वी विचारून घेतलं, की यावर पैसे किती महिन्यांनी मिळतात.

अर्ज आवकमध्ये गेला, पावती मिळाली. तिच्यावर शिक्का आहे ‘हितग्राही शाखा’, म्हणजे लाभार्थ्यांची. काकू रोज मोबाईल बघतात. त्यांच्या मते शिक्का बसला आहे त्या अर्थी काहीतरी मंजूर होणारच, आणि रामेश्वरला गरम कपडे लागत नाहीत.